झड लागली म्हणजे

बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत आहे, नदीनाले कोरडे पडले आहेत, आणि अशा वेळी पुरावर व्याख्यान कशाला, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आले असेल. पण पाणी उंबऱ्याशी आले म्हणजे माणूस मुलेबाळे आणि गुरे सांभाळतो. पाणी आले कोठून याचा विचार तेव्हा होत नाही. तो करावयाचा तर हेच दिवस बरे.

नंदुरबार जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला दुष्काळी खानदेशच आठवतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. नंदुरबार आणि शहादे या भागांत पाऊस बेताचा. पण नवापूर तालुका आणि सातपुड्यातील अक्कलकुवा, अक्राणी हे भाग त्याहून पुष्कळ अधिक पावसाचे. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका टोकाला आभाळाकडे डोळे लागलेले असतात आणि दुसऱ्या टोकाला ओढे दुथडी भरून वाहत असतात. १६ ऑगस्ट २०१८ च्या रात्री असेच झाले. नवापूर तालुक्यात रात्रभर पाऊस कोसळला, रंगावली नदी पात्र सोडून वस्तीत शिरली, घरे वाहून गेली आणि माणसेही दगावली. त्या दिवसापर्यंत रंगावलीची कोणी फारशी दखल घेत नव्हते, हे आपण कबूल केले पाहिजे.

आता पावसाचा थोडा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला तर ते १० कोटी लिटर होते. एखाद्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र १०० चौरस किलोमीटर धरा. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, त्यातला निम्मा जमिनीने प्यायला आणि उरलेला सहा तासांत नाल्यात आला, तर नाल्यातून सेकंदाला सुमारे २३० घनमीटर, म्हणजे आठ हजार क्युसेकच्या आसपास पाणी वाहील. पण जमीन आधीच पिऊन तृप्त झाली असेल तर? पाऊस तेवढाच राहील आणि नाल्याचे पाणी जवळजवळ दुप्पट होईल.

झडीचे मर्म येथे आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ आत उतरतो आणि नाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि चार-पाच दिवसांच्या संततधारेनंतर तीच जमीन सारवलेल्या अंगणासारखी पाणी सोडू लागते. म्हणून पहिल्या दिवशीचा पाऊस आणि पाचव्या दिवशीचा पाऊस पर्जन्यमापकात सारखा भरला, तरी नदीच्या दृष्टीने ते दोन निराळे पाऊस असतात. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्यास जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार म्हणते. हे आकडे उपयोगी खरेच; पण ते एका दिवसाचे आहेत. मागचे चार दिवस कसे गेले, हे ज्याचे त्याने लक्षात ठेवावयाचे.

तापीची गोष्ट आणखी वेगळी. ती मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर आहे. बंगालच्या उपसागरावर उठणारी कमी दाबाची क्षेत्रेही पुष्कळदा पूर्वेकडून पश्चिमेकडेच सरकतात. म्हणजे पाऊस आणि पूर एकाच दिशेने प्रवास करतात! वरून लोंढा येत असतानाच खालच्या उपनद्याही त्याच ढगांनी भरतात आणि एकावर एक पाणी चढते. १९६८ साली सुरतेजवळ तापीतून सुमारे १५ लाख क्युसेक पाणी गेले असे नमूद आहे. पुढे १९७२ साली उकाई धरण पुरे झाले, आणि आता सुरत निर्धास्त झाली असे पुष्कळांना वाटले. पण ऑगस्ट २००६ मध्ये धरण भरत आलेले असताना वरून लोंढा आला, सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरण पूर अडविते ते त्यात जागा शिल्लक असेल तोवर. ही गोष्ट साधी आहे. पण भरलेले धरण पाहून आपल्याला एवढा आनंद होतो की ती ध्यानात राहत नाही.

आपल्याकडे तापीवर सारंगखेडे आणि प्रकाशे येथे बॅरेज आहेत. वर हतनूरचे दरवाजे उघडले की येथलेही उघडावे लागतात. तापीचे पाणी मात्र सांगून येते. हतनूरहून प्रकाश्यापर्यंत यायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात काठ मोकळा करता येतो. सातपुड्यातून उतरणारी गोमाई किंवा नवापूरची रंगावली अशी सवड देत नाही. शहाद्यात चांदणे पडलेले असावे आणि गोमाईला पूर यावा, कारण पाऊस वर डोंगरात झालेला असतो.

माणसे अधिक दगावतात ती फरशीवर. फरशीवरून गुडघाभर पाणी वाहत असते, पलीकडे घर दिसत असते, आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘एवढ्यातून काय होतेय!’ पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाहून थोड्या अधिक वेगाने वाहत असेल, तर गुडघाभर पाण्यातल्या माणसाच्या पायांवर सुमारे ३० किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी जागेवर आहे की वाहून गेली आहे, हे काठावरून कळत नाही. मोटारीचे तर उलटेच आहे. ती जड असली तरी पोकळ असते, आणि पाणी दोन फुटांवर गेले की तरंगू पाहते.

आता डोंगराकडे वळू. सातपुड्याचा हा भाग मुख्यतः काळ्या बेसॉल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले असून मधूनमधून तांबड्या मातीचा मऊ पापुद्रा आहे. वरचा खडक झिजून मुरूम होतो, मुरमावर माती बसते. कोरड्या दिवसांत कणाकणातील घर्षण ही माती उतारावर धरून ठेवते. झडीत पाणी खाली मुरते, घट्ट थरावर येऊन थांबते आणि कणांना वर उचलू लागते. मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते. त्यातच रस्त्यासाठी उताराचा पायथा कापलेला असला, वरची झाडे गेलेली असली, म्हणजे दरड सुटायला निमित्त पुरते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच सकाळी गाडले गेले. दीडशेवर माणसे गेली. एस.टी.च्या ड्रायव्हरला नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा जगाला कळले. २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी यांचीही हीच कथा.

आपल्या सातपुड्यात वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली, घर ज्याच्या त्याच्या शेतात. त्यामुळे दरडीखाली सबंध गाव जाण्याचे भय कमी. परंतु एकटे घर गेले तर ते कळायलाही वेळ लागतो. आणि दरड घरावर न पडता रस्त्यावर पडली तरी माणूस मरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तळोद्याहून धडगावकडे जाणाऱ्या चांदसैली घाटात दरड पडून रस्ता बंद झाला. एका आजारी स्त्रीला तिचा पती खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघाला; ती वाटेतच गेली. मृतांच्या सरकारी यादीत अशा मृत्यूची नोंद कोणत्या सदराखाली करावी, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

नर्मदाकाठच्या पाड्यांना सरदार सरोवराचे पाणी लागले आहे. तेथे निराळा धोका संभवतो. जलाशय चढला की काठचा उतार भिजतो, आणि पाणी झपाट्याने उतरले की त्या ओल्या उताराचा आधार जातो व काठ ढासळतो. म्हणून पाणी ओसरले की नाव लगेच काठाला खेटून लावू नये.

दरड बहुधा आधी खुणा देते. जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडते, विजेचा खांब किंवा झाड कलते, घराचे दार चौकटीत अडकू लागते, कधी नसलेला झरा फुटतो आणि त्याचे पाणी गढूळ येते, लहान दगड एकेक करून घरंगळतात. यांपैकी एखादी खूण रात्री दिसली तर सकाळची वाट पाहू नये. निघताना ओढ्याच्या कडेने खाली न जाता बाजूच्या उंच, घट्ट जागी जावे. आणखी एक खूण फसवी आहे. वर पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, तर पूर ओसरला असे समजून लोक ओढा ओलांडायला उतरतात. पुष्कळदा वर दरड पडून ओढा तुंबलेला असतो, आणि तो बांध फुटला की चिखल, झाडे, दगड यांसह सारे पाणी एकदम खाली येते. अशा वेळी पाणी पुन्हा नेहमीसारखे वाहू लागेपर्यंत, मग त्याला रात्र लागली तरी, काठापासून दूर वरच थांबावे.