खाऊनंतर घर

28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या आठवड्यात आमच्यासारख्या प्रयोगशाळेत रमणाऱ्या माणसांनाही शाळांकडून बोलावणी येतात. एका वर्षी असे बोलावणे आले ते चक्क एका बालवाडीचे. साबणाचे फुगे, दोन लोहचुंबक आणि डबाभर टाचण्या घेऊन आम्ही निघालो. दहाला पोहोचायचे कबूल केले होते, पोहोचलो अकराला.

त्या बालवाडीचा क्रम ठरलेला होता. प्रार्थना, हजेरी, गाणी, मुक्त खेळ, गोष्ट, मग खाऊ आणि साडेबाराला घर. पाहुणे येईनात म्हणून ताईंनी गोष्ट पुढे ढकलली आणि खाऊ आधीच उरकून घेतला. अडचणीत कोणीही हेच केले असते. आम्ही गेलो, फुगे उडवू लागलो, मुले नाचू लागली. पण चार वर्षांची एक मुलगी उठली, हात धुऊन आली, दप्तर पाठीला लावले, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. फुग्यांकडे तिने वळूनही पाहिले नाही. ताई म्हणाल्या, "अगं, अजून वेळ आहे घरी जायला." ती म्हणाली, "खाऊ झाला." थोड्या वेळाने तिचे डोळे भरून आले, कारण खाऊ होऊनही आई आली नव्हती. तिचे पाहून आणखी दोघे रडू लागले. आमचा कार्यक्रम तिथेच आटोपला.

"हट्टी आहे हो जरा," असे ताई ओशाळून म्हणाल्या. आम्हाला मात्र परतताना वाटत राहिले की त्या खोलीत सर्वांत तर्कशुद्ध वागली ती हीच मुलगी. त्या दिवसापासून आम्ही आमचा विषय सोडून या विषयावरचे संशोधन चाळू लागलो. त्यातले काही शिक्षकमित्रांपुढे ठेवावेसे वाटते.

चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही हे आपण जाणतोच. 'एक तास' या शब्दाला त्याच्या लेखी काही लांबीच नसते. 'काल' आणि 'उद्या' यांचीही गल्लत होते. (यात त्याला हसण्याचे कारण नाही. आपल्या भाषेत 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही, आणि आपण मोठी माणसेही त्यावर निभावून नेतो!) मग मूल काळ मोजते कशाने? क्रमाने. कशानंतर काय येते, हेच त्याचे घड्याळ.

हा क्रम मुले किती लवकर आत्मसात करतात हे रोबिन फिवुश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तपासले. त्यांचा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. बालवर्गात नव्याने दाखल झालेल्या मुलांना त्यांनी शाळेच्या दुसऱ्याच दिवशी विचारले, शाळेत काय काय होते? पुढे काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तेच विचारले. शाळेचा अनुभव एका दिवसाचा असूनही मुलांनी जे सांगितले ते 'काल असे झाले' या थाटाचे नव्हते, 'शाळेत असे असते' या थाटाचे होते, आणि क्रमवार होते. पुढच्या आठवड्यांत त्यात तपशील भरत गेले.

आपल्याकडच्या मुलाला विचारून पाहा. "काल बालवाडीत काय केलेस?" या प्रश्नाला बहुधा "काही नाही" असे उत्तर येते. तेच "बालवाडीत काय काय करतात?" असे विचारा. मग "आधी प्रार्थना म्हणायची, मग खेळायचं, मग..." अशी गाडी सुरू होते. कॅथरीन नेल्सन या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हा फरक दाखवला आहे. नेहमी घडणाऱ्या गोष्टींचा एक सांगाडा लहान मुलाच्या मनात आधी तयार होतो, आणि एखाद्या विशिष्ट दिवसाची आठवण त्या सांगाड्याच्या आधाराने उभी राहते. पालक बालवाडीच्या ताईंकडे "आमचा काही सांगतच नाही" अशी तक्रार करतात. त्यांच्यासाठी एवढी माहिती पुष्कळ आहे.

या सांगाड्याचा उपयोग काय? मेंदूचा कपाळामागचा भाग आपल्याला तीन गोष्टींत मदत करतो. हातातले काम लक्षात ठेवणे, मनात आलेली ऊर्मी आवरणे आणि एका कामातून दुसऱ्या कामात शिरणे. हा भाग सर्वांत सावकाश परिपक्व होतो, विशीतही त्याची घडण चालूच असते. तीन-चार वर्षांच्या मुलाजवळ ही पुंजी फार तुटपुंजी. पुढे काय होणार हे ठाऊक नसेल तर त्यातली बरीचशी त्या काळजीतच खर्च होते. ठाऊक असेल तर ती मणी ओवायला, गोष्ट ऐकायला, शेजाऱ्याला न ढकलायला शिल्लक राहते. ताई 'चला' म्हणण्याआधीच मुले चटया गुंडाळू लागतात, ती क्रम पाठ झाल्यामुळे.

आता अपेक्षांकडे वळू. 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आपल्या वर्गांतली पहिली आणि पुष्कळदा एकमेव अपेक्षा. या वयात पाच-दहा मिनिटांपलीकडे असे बसणे अवघड असते, आणि बसलेच तर सगळी शक्ती बसण्यातच जाते. ऐकायला उरत काही नाही. ऊर्मी आवरण्याचा सराव हवाच असेल तर 'शिवाजी म्हणतो' हा आपला जुना खेळ कितीतरी बरा. 'शिवाजी म्हणतो हात वर' म्हटले तर वर करायचे, नुसते 'हात वर' म्हटले तर थांबायचे. डोक्याला हात लावा म्हटले की पायाचे अंगठे धरायचे, असे उलटसुलट खेळ संशोधकही मुलांचा संयम मोजण्यासाठी वापरतात.

संयम म्हटला की एका प्रयोगाचे नाव निघतेच. 1960 च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत मुलांपुढे खाऊ ठेवला, आणि मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त देईन असे सांगितले. पुढे मार्शमॅलो या साखरेच्या मऊ गोळीच्या नावाने ही कसोटी प्रसिद्ध झाली. जे मूल थांबते ते पुढे आयुष्यात यशस्वी होते, असा तिचा डांगोरा पिटला गेला. 2018 साली कितीतरी अधिक मुलांवर तपासणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो संबंध अगदी क्षीण झाला.

आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो रोचेस्टर विद्यापीठात झालेला, 2013 साली प्रसिद्ध झालेला सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. मुले अवघी 28, वय तीन ते पाच. प्रत्येकाला आधी चित्र काढायला बसवले. जवळ वापरलेले खडू होते. "थांबलास तर याहून चांगले सामान आणते," असे बाई म्हणाल्या. निम्म्या मुलांना खरोखर सामान आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना बाईंनी परत येऊन सांगितले, "माफ कर, नाहीच आहे." चिकटचित्रांच्या बाबतीतही तसेच केले. त्यानंतर मार्शमॅलोची कसोटी. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. त्या 14 पैकी 9 जणांनी पूर्ण 15 मिनिटे कळ काढली. ज्यांची फसवणूक झाली होती ती सरासरी 3 मिनिटे थांबली, आणि शेवटपर्यंत टिकले ते एकच मूल. मुले तशीच, वयही तेच. फरक होता तो समोरच्या मोठ्या माणसाच्या भरवशाचा. अधीर, हट्टी, हावरट ही विशेषणे आपण मुलांना किती सहज लावतो! बालवाडीत 'गोष्टीनंतर खाऊ' हा ताईंनी रोज दिलेला शब्दच असतो.

याचा अर्थ वेळापत्रक दगडावर कोरावे असा मात्र नव्हे. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बालवाडीचे काम करू लागल्या, तेव्हा मुलांची स्वच्छता हाच दिवसाचा पहिला कार्यक्रम ठरला, कारण येणाऱ्या मुलांची गरज ती होती. पुढे कोसबाडला गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर नेली. क्रम हवा, तो कुठल्या मुलांसाठी आहे हे पाहून ठरवायचा आणि ठरला की पाळायचा. बदलावा लागला तर आधी सांगायचे, तेही मुलांना दिसेल अशा रीतीने.

पुढच्या वर्षी त्या बालवाडीत आम्ही पुन्हा गेलो, आणि जाण्यापूर्वी ताईंना विचारून घेतले की तुमच्या क्रमात आमची जागा कुठे? त्यांनी भिंतीवर सुतळी बांधून तिला चित्रे चिमट्यांनी लावली होती. हजेरीचा पाट, खेळाचा चेंडू, गोष्टीचे पुस्तक, खाऊची ताटली, घराचे दार. त्या सकाळी पुस्तक आणि ताटली यांच्यामध्ये एक नवे चित्र लावले होते. निळा फुगा. मुलांना तो प्रार्थनेनंतर लगेच दाखवला होता.

आम्ही वेळेवर पोहोचलो. फुगे संपले तेव्हा एक मुलगा उठला, सुतळीवरच्या फुग्याला बोट लावले, मग शेजारच्या ताटलीला, आणि हात धुवायला निघाला. आमच्या टाचण्या आणि लोहचुंबक डब्यातच राहिले.