मॉकमधलं पर्सेंटाइल कुणाच्या गर्दीतलं?

सीईटीच्या पीसीएम गटाची हॉलतिकिटं आली की घरोघरी एकच विचारणा सुरू होते: मॉकमध्ये १४० पडताहेत, मग पर्सेंटाइल किती बसेल? क्लासच्या ॲपवर, यूट्यूबवर याची तयार कोष्टकं मिळतात. त्यांच्यावर विसंबून पुढचे बेत आखणं मुलांच्या हिताचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. तुमच्या सत्राला बसलेल्यांपैकी शेकडा किती जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण पडले, एवढंच ते सांगतं. सकाळचा पेपर अवघड निघाला तर १२० गुणही दुपारच्या १४० च्या तोडीचे ठरू शकतात. आणि क्लासच्या मॉकला बसतात ती त्या क्लासचीच मुलं. दोन वर्षं कसून तयारी केलेल्यांत ७० पर्सेंटाइलवर असलेली मुलगी राज्याच्या परीक्षेत बरीच वर जाऊ शकते. फुकट ॲपवर ९५ मिळवणारा मुलगा खाली घसरू शकतो. गर्दी बदलली की आकडा बदलतो.

वर्ष बदललं तरी तेच. नीटमध्ये २०२४ साली सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला भौतिकशास्त्राने असा घाम काढला की देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६ होते आणि खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. जुन्या गुणांवरून नवा रँक काढणाऱ्यांचा हिशेब साफ चुकला.

सीईटीत आणखी एक गोष्ट आहे. इथे निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे कुणी प्रश्न सोडत नाही. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा. असे दहा प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले तर सरासरीने पाच गुण मिळतात. पण शंभरात पाच-सहा मुलांचा एकही अंदाज लागणार नाही, आणि सात-आठ जणांचे पाच किंवा जास्त बरोबर येतील. अभ्यास सारखाच, तरी दहा गुणांचा फरक!

म्हणून एक आकडा धरू नका, पट्टा धरा. पूर्वी न पाहिलेले, घड्याळ लावून एका बैठकीत सोडवलेले शेवटचे पाच पेपर घ्या. त्यातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण, या दोहोंमधला तुमचा पट्टा. सोडवलेलाच पेपर पुन्हा सोडवून वाढलेले गुण त्यात मोजू नका. अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांवर खूण करत जा. ते प्रश्न कोणत्या धड्यातले हे पाहणं कोणत्याही कोष्टकापेक्षा उपयोगाचं आहे.

पालकांना कळकळीची विनंती: मॉकचे गुण पाहून घाबरून, निकाल लागण्याआधीच मॅनेजमेंट कोट्याच्या जागेसाठी कुणालाही पैसे देऊ नका.