काळी खिडकी उघडा, पसारा आवरा!

तुमच्या लॅपटॉपमधला 'डाउनलोड्स' फोल्डर एकदा उघडून बघा. 'प्रोजेक्ट फायनल', 'प्रोजेक्ट फायनल २', 'फायनल खरंच फायनल', 'सरांनी सांगितलेलं फायनल'... ओळखीचं वाटतंय ना? सबमिशनच्या आदल्या रात्री यातलं नेमकं कुठलं खरं, हे शोधताना घाम फुटतो. त्यावर एक जुना, फुकट आणि भन्नाट उपाय आहे : कमांड लाइन. हो, तीच सिनेमातल्या हॅकरसमोर दिसणारी काळी खिडकी. पण तिच्यासाठी हॅकर असावं लागत नाही. दहा-बारा शब्द पाठ झाले की काम सुरू.

समजा, प्रोजेक्ट धरमतरचा आहे...

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे निघालात की धरमतरचा पूल लागतो. खाली खाडी, काठाला कांदळवन, पाण्यात मालवाहू बार्ज. समजा, तुमच्या ग्रुपला या खाडीवर प्रोजेक्ट मिळालाय. चौघांचे मोबाइल मिळून दोन हजार फोटो, शंभरेक ऑडिओ क्लिप आणि ढीगभर पीडीएफ, सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलेलं. माउसने एकेक उचलून लावत बसलात तर अर्धा दिवस गेला.

टर्मिनलमध्ये हे काम मोजक्या ओळींचं आहे. (कमांड टाइप करायच्या रोमन अक्षरांत, इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहितोय.) 'पीडब्ल्यूडी' म्हटलं की आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते कळतं. 'एलएस' म्हटलं की तिथे काय काय आहे त्याची यादी येते. 'एमकेडीआयआर'ने 'फोटो' नावाचा नवा फोल्डर करायचा आणि मग 'एमव्ही *.जेपीजी फोटो/' एवढं लिहून एंटर मारायचं. तो तारा म्हणजे 'काहीही'. ज्यांच्या नावाच्या शेवटी '.जेपीजी' आहे ती सगळी मंडळी एका झटक्यात नव्या घरात!

पत्त्याचंही गणित सोपं आहे. '/रायगड/पेण/धरमतर' हा पूर्ण पत्ता. तुम्ही कुठेही उभे असा, तो तिथेच नेतो. आणि दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर'. धरमतरच्या फोल्डरमध्ये असताना 'सीडी ..' केलंत की पेणच्या फोल्डरमध्ये.

नावं एवढी आखूड का?

ही भाषा जन्मली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. 1969 मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिथे 'युनिक्स'चं काम सुरू केलं. तेव्हा समोर स्क्रीन नव्हता, टेलिटाइप यंत्र होतं. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर उमटायची. अशा यंत्रावर लांबलचक शब्द कोण बडवत बसणार? म्हणून 'लिस्ट'चं 'एलएस' झालं, 'कॉपी'चं 'सीपी' आणि 'मूव्ह'चं 'एमव्ही'.

1973 मध्ये युनिक्समध्ये आणखी एक कमाल चीज आली : 'पाइप', म्हणजे ती उभी रेघ. एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हातात द्यायचं. 'डीयू -एसएच * | सॉर्ट -एच' असं लिहा. डीयू प्रत्येक फोल्डरने किती जागा खाल्लीय ते मोजतो, सॉर्ट त्यांना लहान-मोठ्या क्रमाने लावतो. डिस्क भरली की खरा खादाड कोण, ते यादीच्या तळाशी सापडतं.

पेणच्या कारखान्यातली चिठ्ठी

आता थोडं आत डोकावू. फाइलचं नाव म्हणजे फाइल नव्हे! पेणमधला गणपतीचा कारखाना आठवा. मूर्ती बुक केली की तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लागते. मूर्ती वेगळी, चिठ्ठी वेगळी. लिनक्समध्येही तसंच असतं. माहिती डिस्कवर एका जागी असते, तिचा तपशील 'आयनोड' नावाच्या नोंदीत असतो आणि फाइलचं नाव म्हणजे त्या नोंदीकडे बोट दाखवणारी चिठ्ठी.

म्हणून त्याच डिस्कवर पाच जीबीचा व्हिडिओ 'एमव्ही'ने हलवला तर क्षणात हलतो; फक्त चिठ्ठी बदलते. तोच 'सीपी'ने कॉपी केला तर वेळ लागतो, कारण अख्खी दुसरी मूर्ती घडवावी लागते.

आणि 'आरएम', म्हणजे डिलीट? तो चिठ्ठी फाडतो. शेवटची चिठ्ठी गेली की ती जागा रिकामी समजली जाते आणि केव्हाही तिथे दुसरं काही येऊन बसतं. डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने कधी कधी सापडते ती यामुळेच, आणि म्हणूनच चूक झाल्यावर त्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही. पण तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर आशा कमी. 'ट्रिम' नावाची सोय रिकाम्या झालेल्या जागा लवकरच साफ करायला लावते.

इथे रिसायकल बिन नाही

हे नीट लक्षात ठेवा. 'आरएम'ने गेलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती थेट जाते. 'आरएम -आर धरमतर*' म्हणजे धरमतरने सुरू होणारं सगळं काढ. पण ताऱ्याआधी चुकून एक स्पेस पडली तर? अर्थ होतो, 'धरमतर काढ, आणि इथलं बाकी सगळंही काढ.' एका मोकळ्या जागेची किंमत अख्खं सेमिस्टर!

मोठमोठ्यांचंही असं झालंय. 1998 मध्ये पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी 2' बनत असताना कुणीतरी सर्व्हरवर चुकीच्या जागी 'आरएम' चालवला आणि बघता बघता सिनेमाच्या बहुतेक फाइल्स गायब झाल्या. बॅकअप काढला तर तोही नीट चालत नव्हता. वाचवलं कुणी? बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांनी. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची एक कॉपी होती. 31 जानेवारी 2017 ला 'गिटलॅब' या कंपनीतही एका इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या व्यवस्था ऐनवेळी कामाला आल्या नाहीत. सुमारे सहा तास आधीची एक कॉपी हाताशी होती, तिच्यावर निभावलं.

दोन्ही गोष्टींतून एकच धडा मिळतो. बॅकअप 'आहे' म्हणून चालत नाही, तो उघडून बघावा लागतो. आणि तो दुसऱ्या जागीही हवा. रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस ना वीज होती, ना मोबाइलला रेंज. 'सगळं क्लाउडवर आहे' हे वाक्य अशा वेळी कामाचं नसतं. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर, एवढं तरी ठेवाच. 'आरसिंक' ही कमांड त्यासाठी मस्त आहे. दुसऱ्यांदा चालवली की जे बदललंय तेवढंच ती कॉपी करते.

मराठी नावं चालतात का?

बिनधास्त! फक्त एक हिशेब ठेवा. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे 'धरमतर'ची पाच अक्षरं पंधरा बाइट खातात. लिनक्समध्ये फाइलच्या नावाला साधारणपणे 255 बाइटची मर्यादा असते, म्हणून मराठी नाव 85 चिन्हांपर्यंत. काना-मात्राही वेगळा मोजला जातो बरं का! आणि नावात स्पेसऐवजी अंडरस्कोर वापरा, कारण स्पेस दिली की टर्मिनल त्या दोन वेगळ्या फाइल्स समजतो.

सुरुवात कुठून?

लॅपटॉप नाही? अँड्रॉइड फोनवर 'टर्मक्स' अॅप टाका, सराव तिथेच होतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही एलएस, सीपी, एमव्ही चालतात. मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरचे व्हिडिओ आहेत, फुकट. पुढे नोकरीतही हे उपयोगी पडतं. जगातल्या सर्वांत वेगवान 500 सुपरकॉम्प्युटरच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

सुरक्षित राहण्यासाठी चार सवयी

• आधी 'सराव' नावाचा फोल्डर करा, त्यात बिनकामाच्या फाइल्स टाका आणि तिथेच हात साफ करा.

• काहीही काढण्याआधी तोच शब्द 'एलएस'ला देऊन बघा. यादी बरोबर दिसली तरच 'एलएस'च्या जागी 'आरएम' लिहा.

• 'आरएम -आय' वापरा. प्रत्येक फाइल काढण्याआधी ती तुम्हाला विचारते.

• एंटर मारण्याआधी 'पीडब्ल्यूडी'. आपण नक्की कुठे उभे आहोत, हे आधी बघा.

येत्या रविवारी तासभर काढा आणि 'डाउनलोड्स'पासून सुरुवात करा. पण त्याआधी, आजच, प्रोजेक्टची एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या आणि उघडून बघा.