मंडईतला आकाशपाळणा आणि पोटातला गोळा

सातवी-आठवीच्या मुलांना एकदा विचारून पाहा : आकाशपाळणा वर पोचला की एकदम हलके का वाटते? बरेच हात वर होतील आणि बहुधा उत्तर मिळेल, "वर गेल्यावर गुरुत्वाकर्षण कमी होते, म्हणून." उत्तर कानाला शास्त्रीय वाटते, त्यामुळे आपणही मान डोलावतो. पण ते चूक आहे. ते का चूक आहे हे शोधत गेलो, तर 'वजन' म्हणजे नेमके काय हे उलगडते. शिवाय पाळण्यात बसणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेविषयी एक कामाची गोष्टही हाती लागते.

मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. बोटीने खाडी ओलांडायची, दिवसभर निरनिराळ्या पाळण्यांत बसायचे आणि संध्याकाळी परतायचे, ही अनेक कुटुंबांची ठरलेली सहल होती. तिथले पाळणे आता बंद झाले आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना तर तो समुद्र सुमारे ९०० किलोमीटर दूर. पण त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. दिवाळी सरत आली की या भागात गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावाची जत्राच. लेकी माहेरी येतात, घरोघर पाहुणे उतरतात, मिठाईची आणि खेळण्यांची दुकाने लागतात, रात्री दंडार किंवा नाटक होते. आणि जमलेच तर गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत आकाशपाळणा उभा राहतो. समुद्राकाठचा पाळणा असो की मंडईतला, पोटात गोळा येण्याचे कारण एकच.

उंचीचा हिशेब

आधी मुलांचे उत्तर तपासू. पाळण्याच्या चाकाची त्रिज्या ६ मीटर धरू. म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतची उंची १२ मीटर. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७० किलोमीटर. तिच्या मानाने १२ मीटर म्हणजे काहीच नाही. तेवढ्या उंचीवर ४० किलोच्या मुलाचे वजन किती घटेल? सुमारे ०.१५ ग्रॅम! डोक्यावरचे काही केस गळले तर पडेल, तेवढाच फरक. त्याने पोटात गोळा येणार नाही.

आपल्याला नेमके काय जाणवते?

पृथ्वीची ओढ आपल्याला थेट जाणवत नाही. जाणवतो तो बाकाने, जमिनीने किंवा खुर्चीने खालून दिलेला रेटा. वजनकाटाही हा रेटाच मोजतो.

आता पाळण्याकडे पाहू. वरच्या टोकाकडे जाताना मुलाचा वर जाण्याचा वेग कमी होत जातो. टोक ओलांडल्यावर खाली येण्याचा वेग वाढत जातो. दोन्ही वेळा त्वरण खालच्या दिशेने असते. म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा काही भाग हे त्वरण देण्यात खर्च होतो आणि उरलेल्या भागापुरताच रेटा बाकाला द्यावा लागतो. म्हणून हलके वाटते. खालच्या टोकापाशी याच्या उलट घडते. तिथे त्वरण वरच्या दिशेने असते, बाकाला जास्त रेटावे लागते आणि आपण बाकात दाबले जातो.

हा परिणाम किती मोठा? त्रिज्येला ३९.५ ने गुणावे आणि एका फेरीला लागणाऱ्या सेकंदांच्या वर्गाने भागावे, त्वरण मिळते. ६ मीटरच्या चाकाला एका फेरीस १० सेकंद लागत असतील, तर त्वरण सुमारे २.४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ पाव पट. ४० किलोच्या मुलाला वजनकाट्यावर बसवले, तर वरच्या टोकाला काटा ३० किलो दाखवील आणि खालच्या टोकाला ५० किलो. कुठे ०.१५ ग्रॅम आणि कुठे १० किलो!

मग गोळा पोटातच का? आतडी, जठर हे अवयव पडदे आणि बंध यांच्या आधाराने राहतात. त्यांच्यावरचा नेहमीचा ताण एकाएकी सैल पडला की ती विचित्र जाणीव होते. आतल्या कानातही कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. त्यांचा दाब बदलला की मेंदूला तत्काळ खबर पोचते.

वर्गात करण्यासारखे

प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा. भोकावर बोट ठेवून पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढले की पाण्याची धार लागते. आता बाटली उंचावरून सोडून द्या. पडताना धार थांबते! पाणी आणि बाटली सारख्याच त्वरणाने पडत असल्यामुळे पाण्याचा बाटलीवर दाबच उरत नाही. गुरुत्वाकर्षण मात्र जिथल्या तिथे आहे. नाहीतर बाटली पडलीच नसती.

मग मुलांना हा प्रश्न घाला : पाळण्यात स्प्रिंगचा काटा आणि किराणा दुकानातला दोन पारड्यांचा तराजू असे दोन्ही नेले, तर काय दिसेल? स्प्रिंगचा काटा वर-खाली होईल. तराजू मात्र समतोलच राहील, कारण दोन्ही पारडी सारख्याच प्रमाणात हलकी किंवा जड होतात. वजन आणि वस्तुमान यांतला फरक याहून सोप्या रीतीने क्वचितच सांगता येईल.

घड्याळ लावून पाहा

वरच्या सूत्रात सेकंदांचा वर्ग आहे, हे महत्त्वाचे. फेरीचा वेळ निम्मा झाला की परिणाम चौपट होतो. लंडनच्या प्रसिद्ध चाकाची उंची १३५ मीटर आहे, पण त्याच्या एका फेरीला सुमारे अर्धा तास लागतो. तिथे पोटात काहीच होत नाही. थरार उंचीत नसून वेगात असतो. आमच्या १० सेकंदांच्या पाळण्याची फेरी ५ सेकंदांत होऊ लागली, तर वरच्या टोकाला ४० किलोच्या मुलाचे जवळजवळ सगळे वजन नाहीसे होईल. त्याला बाकावर ठेवणारे मग काही उरत नाही, उरतो तो समोरचा आडवा दांडा. आणि खालच्या टोकाला बाकावर, कड्यांवर, खिळ्यांवर दुप्पट भार पडेल.

"अजून जोरात!" असे मुले ओरडतात तेव्हा ती नेमके हेच मागत असतात. म्हणून मुलांना पाळण्यात बसवण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पाच फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजावे आणि त्याला पाचने भागावे. चाकाची त्रिज्या अंदाजाने घेऊन वरचे गणित करावे. उत्तर पाच मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे गेले, तर वरच्या टोकाला मुलाचे निम्मे वजन हरपते. अशा वेळी पाळणेवाल्याला वेग कमी करायला सांगावे. आणि गती कितीही असो, आडवा दांडा पक्का लागतो की नाही हे स्वतः हाताने ओढून पाहावे.

मोजण्याचे काम मुलांनाच द्यावे. आपला जीव ज्यावर अवलंबून आहे ते गणित मुले सहसा चुकत नाहीत.