चिनी भाषेची परीक्षा आणि शब्दकोश

परीक्षेच्या दालनांत शब्दकोश नेण्याची मोकळीक मिळाली म्हणजे परीक्षा अर्धी सोपी झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. मराठीपुरती ती बरीचशी खरी आहे. मोल्सवर्थचा १८३१ सालीं निघालेला मराठी-इंग्रजी कोश पाहतांना वर्णमालेचा क्रम ठाऊक असला कीं पुरे. अगदीं अपरिचित शब्दहि सांपडतो. चिनी भाषेची गोष्ट निराळी. तेथें वर्णमालाच नाहीं. प्रत्येक अक्षर हें एक स्वतंत्र चिन्ह असून त्याच्या रूपावरून उच्चार खात्रीनें सांगतां येत नाहीं.

मग असें चिन्ह कोशांत शोधावयाचें कसें? इ. स. १०० च्या सुमारास शू शेन या पंडितानें ९,३५३ चिन्हें ५४० मूलांगांखालीं लावून ही वाट घालून दिली. १७१६ सालच्या कांगशी कोशांत मूलांगें २१४ आहेत. चिन्हांतील मूलांग ओळखावयाचें आणि उरलेल्या भागांतील रेघा मोजावयाच्या, ही रीत. नदीवाचक चिन्हांत डावीकडे पाण्याचे तीन थेंब व उजवीकडे पांच रेघा असतात. म्हणून तें 'पाणी' या मूलांगाखालीं पांच रेघांच्या गटांत मिळतें. पण 'विचारणें' या अर्थाच्या चिन्हांत दाराच्या चौकटींत तोंड असतें. नवशिका तें 'दारा'खालीं धुंडाळीत बसतो. कांगशी कोशांत तें 'तोंडा'खालीं आहे. 'ऐकणें' याचें चिन्हहि दाराच्याच चौकटीचें, पण तें 'काना'खालीं! १९५८ सालीं पिनयिन ही रोमन लेखनपद्धति मान्य झाल्यावर उच्चारक्रमानें लावलेले कोश रूढ झाले; तथापि उच्चारच ठाऊक नसेल तर पुनः मूलांगांकडे यावें लागतें.

चिन्ह सांपडलें तरी अर्थ हातीं लागतोच असें नाहीं. चिनी मजकुरांत दोन शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत. 'पूर्व' आणि 'पश्चिम' हीं चिन्हें शेजारीं आलीं कीं बहुधा त्यांचा अर्थ 'वस्तु' असा होतो. तीं वेगवेगळीं शोधणारा दिशांतच भटकत राहतो. लिहितांना अडचण उलट बाजूनें येते. मराठींत सदरा घालतात आणि टोपीहि घालतात. चिनींत सदऱ्याला 'चुआन' व टोपीला 'ताइ' अशीं भिन्न क्रियापदें लागतात. कोशांतील पहिलाच शब्द उचलणाराची चूक परीक्षकाच्या तत्काळ ध्यानांत येते.

परीक्षेंत कोश नेऊं देण्याची चाल चीनमध्यें जुनीच आहे. सुंग राजवटींत (९६०–१२७९) राज्यसेवेच्या परीक्षेस पद्यरचना करणाऱ्या उमेदवारांस 'छिएयुन' हा यमककोश व 'यूफ्येन' हा चिन्हकोश जवळ बाळगण्याची मुभा होती. इतर ग्रंथ चोरून आणणारास मात्र बाद करीत. कोशानें यमक मिळे, कवित्व मिळत नसे. आजहि ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्याच्या शालान्त परीक्षेंत चिनीच्या लेखी प्रश्नपत्रिकेस छापील कोश चालतो; चीनच्या एचएसके परीक्षेंत तो चालत नाहीं. एक परीक्षा पाठ असलेला शब्दसंग्रह तपासते, तर दुसरी अपरिचित मजकुरांतून अर्थ काढण्याचें कौशल्य पाहते.

तेव्हां ज्यास कोश नेण्याची मुभा आहे, त्यानें वर्षभर तोच कोश हाताळावा. परीक्षेंत प्रथम सबंध उतारा वाचावा आणि ज्या शब्दावर साऱ्या वाक्याचा अर्थ अवलंबून आहे तेवढाच शोधावा. ज्यानें घरीं कोश उघडला नाहीं, त्याला परीक्षेंत त्याचें ओझेंच होतें. आणि पानें चाळण्यांत गेलेला वेळ कोणताहि परीक्षक परत देत नाहीं.