रंग सगळ्यात शेवटी

मुंबईत किंवा कोकणात जुनी फियाट विकायला निघाली की मालक आधी तिला रंग मारून घेतो. घेणाराही त्या रंगावरच भाळतो. पुढचा पावसाळा उलटायच्या आत दाराच्या खालच्या कडेला बारीक फोड येतात. एखादा नखाने उचकटावा, तर आतून तपकिरी भुगा गळतो. मग डेंटर, मग पुट्टी, वर पुन्हा रंग. अशा दोन-तीन फेऱ्या झालेल्या गाडीच्या दारात पत्रा किती आणि पुट्टी किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लोहचुंबक मात्र सांगतो.

त्याच्याकडे येऊच, पण आधी गाडीची ओळख. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाटची नव्या घडणीची ११०० ही गाडी १९५३ची, आणि पुढच्याच वर्षी ती कुर्ल्याला तयार होऊ लागली. त्या गोलमटोल पिढीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. मग चौकोनी तोंडवळ्याची डिलाइट आली आणि १९७४च्या सुमारास तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण कित्येक वर्षं टिकलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ची. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आता उरल्या आहेत त्या खासगी मालकांकडच्या, आणि त्यातल्या जुन्या गाड्यांनी पन्नाशी गाठली आहे.

या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. तळ, दारांखालचे पोकळ पत्र्याचे खोके, खांब आणि छत मिळून सगळा भार पेलतात. दाराखालच्या त्या खोक्याला गॅरेजमध्ये सिल म्हणतात. सिल सडली तर गाडी नुसती कुरूप होत नाही, मधोमध वाकायला लागते. त्याची पहिली खूण दारात दिसते: दार लावताना थोडं उचलून लावावं लागतं. बहुतेक मालक अशा वेळी बिजागरी बदलून मोकळे होतात.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर ते वीजवाहक बनतं आणि हीच क्रिया झपाट्याने होते. समुद्रकाठच्या गाड्यांचं दुखणं ते हेच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंगाला तो आतून वर ढकलतो. म्हणजे फोड दिसला तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं, आणि बहुतेकदा ते पत्र्याच्या मागच्या बाजूने आलेलं असतं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, शिवाय पूर्ण सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर थर चढवतात. त्या काळच्या फियाटला हे भाग्य नव्हतं. बरं, हा नुसता आपल्या हवेचा दोष म्हणावा तर तसंही नाही. गारठ्याच्या इंग्लंडमध्ये १९८०च्या सुमारास फियाटच्याच घरातल्या लान्सिया बीटा गाड्या गंजापायी कंपनीला परत विकत घ्याव्या लागल्या होत्या.

पत्र्याचं खरं वैर साचलेल्या पाण्याशी असतं. काचेवरून ओघळणारं पाणी रबराच्या फटीतून दाराच्या पोटात उतरतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. त्यात धूळ, पिंपळाची पानं आणि जुन्या रबराचा चुरा साचतो, आणि दाराचं मडकं होतं. सिलचंही तेच. पायाखालच्या मॅटमध्ये भिजलेला काथ्या महिनोन्‌महिने वाळत नाही. चाकांच्या कमानीत चिखल बसतो. बॅटरीखालच्या पत्र्यावर अॅसिड सांडतं. समोरच्या काचेच्या रबराखालचा कोपरा तर काच काढल्याशिवाय दिसतच नाही.

तेव्हा घरी काम काढायचं तर पहिला आठवडा काहीही दुरुस्त करायचं नाही, फक्त शोधायचं. सीट, मॅट, दारांची आतली पॅनल काढून टाकायची. लोहचुंबक तलम कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचा. जिथे तो चिकटायला कुरकुर करतो, तिथे पुट्टी जाड आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत जायचं. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बदबदतो. संशय आला की टोक दाबायचं. ते आरपार गेलं तर वाईट वाटून घेऊ नये, भोक आधीच होतं. प्रत्येक जागेचा फोटो काढावा आणि प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावून डब्यात टाकावा. या कामात स्मरणशक्तीवर विसंबण्याइतका धोकादायक आत्मविश्वास दुसरा नाही.

गाडीखाली जायचं ते नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. भक्कम घोड्यांवर गाडी टेकवूनच. बॅटरी काढायची, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची. जुन्या सीटमधला काथ्या आणि इंजिनजवळचं तेलकट वायरिंग एका ठिणगीने पेट घेतं, म्हणून आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासून धुरळा उडवण्यापेक्षा वॉटर पेपरने ओला घासलेला बरा.

वरवरचा गंज वायर ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. खळग्यांत उरलेल्यावर फॉस्फोरिक अॅसिडचं गंजरोधक लावतात. त्याने गंजाचं फॉस्फेट होतं आणि तो काळपट, स्थिर होतो. पण हे औषध पातळ गंजावर. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला व्हार्निश देणं.

सुटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे आधार, यांच्यासाठी एक उपाय आपल्या मातीतला आहे, तो म्हणजे साखर कारखान्याची मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी आणि झाकणाचं पिंप. आठ-पंधरा दिवसांत मळीतले घटक गंज धरून सोडवतात, चांगलं लोखंड जवळपास तसंच राहतं. वास मात्र असा सुटतो की सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी पटवून ठेवावं. अॅल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग त्यात टाकू नयेत, ते खाल्ले जातात. घाई असेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बारा व्होल्टचा चार्जर: गंजका भाग ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला, दोन्ही एकमेकांना न भिडवता. हे उघड्यावर करायचं, कारण त्यातून हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टील धन टोकाला लावू नये. पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात.

आता कापाकापी. सडका पत्रा पूर्ण कापायचा, पार चांगल्या, खणखणीत पत्र्यापर्यंत. अर्धा इंच सडका भाग दयेपोटी ठेवला तर वेल्डिंग तिथेच फाटतं. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या सळया टाकून ती जखडून ठेवावी लागते, नाहीतर गाडी बसते आणि मग दार कधीच लागत नाही. दोन्ही सिल एकदम कापणं तर आत्मघातच. माझं स्पष्ट मत असं, की मॅटखालचं छोटं भोक, डिकीचा तळ, बॅटरीचा ट्रे हे घरी करावं. सिल, जॅकचे आधार आणि सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग मुरलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावेत. त्याच्या शेजारी उभं राहायला मात्र लाजू नये.

ठिगळाला वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा सीआर पत्रा बहुतेक ठिकाणी चालतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा, मग पत्रा. गॅस वेल्डिंगपेक्षा मिग बरं, कारण उष्णता कमी पसरते. तरीही सलग शिवण मारायची नाही. एक टाका इथे, दुसरा पार पलीकडे, मधे पत्रा निवू द्यायचा. घाई केली की पत्रा तापून फुगतो, त्याला लाटा येतात, आणि त्या लाटा झाकायला परत पुट्टी.

पुट्टीशी माझं वैर नाही. हातोडी आणि डॉलीने पत्रा जितका सपाट येईल तितका आणल्यावर उरलेल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरसाठीच ती आहे. पूर्वी याच कामाला शिसं-कथलाची डाख भरत. हल्लीची पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते, म्हणून ती भोकावर थापायची नसते आणि उघड्या पत्र्यावरही शक्यतो नको. आधी एपॉक्सी प्रायमर, तो घासून त्यावर पुट्टी. दमट हवेत घासलेला पत्रा रातोरात तांबूस होतो. त्यामुळे ज्या दिवशी घासला, त्याच दिवशी प्रायमर.

दिवाळीनंतरचे चार महिने या कामाला उत्तम. जुन्या पद्धतीचा लॅकर रंग पावसाळी हवेत मारला तर पांढुरका पडतो, कारण उडून जाणारा थिनर पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. हल्लीच्या टू-के रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना कायमचा दमा देऊ शकतात आणि साध्या मास्कने अडत नाहीत. म्हणून शेवटचा रंग बूथ असलेल्या ठिकाणीच मारून घ्यावा. घरी केलेल्या मेहनतीला त्याने कमीपणा येत नाही.

रंगाची छटा मूळचीच ठेवावी, आणि घडणही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा चाकांच्या कमानी रुंद करण्याची हौस असेल, तर ती दुसऱ्या गाडीवर भागवावी. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, हेही ध्यानात ठेवावं.

रंग वाळला तरी एक काम उरतं, आणि नेमकं तेच बहुतेकांचं राहून जातं. सिल आणि दारांच्या पोटात लांब नळीने पातळ मेण फवारायचं. ते शिवणींत झिरपतं आणि पाणी तिथे टिकू देत नाही. त्यानंतर तळाची सगळी भोकं तारेने मोकळी करायची, कारण मेणानेही ती बुजतात. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नये, आत घाम धरतो. हवा खेळेल असं सुती आच्छादन घालून ती छपराखाली ठेवावी, आणि उघडीप मिळाली की दारं उघडून तासभर वाळू द्यावी.