माशाच्या रक्ताचा थेंब

मी मराठीचा मास्तर. माशाच्या रक्ताशी माझा संबंध काय, असे वाचक म्हणतील. पण हिंगोलीच्या आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या स्नेह्यांनी परवा मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. माशाची तांबडी पेशी लंबगोल आणि मधोमध केंद्रक! तुमच्याआमच्या तांबड्या पेशीत ते नसते.

"पाणी बिघडले की तांबड्या पेशी घटतात, पांढऱ्यांचे प्रमाण बदलते. थेंबभर रक्त घेऊन मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो," ते म्हणाले.

कर्नल साइक्सने १८३९ साली वर्णिलेला आपला डोंगरी नद्यांतला महाशीर धरणे, मैला नि सुरुंगाची मासेमारी यांनी ओसरत गेला. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांनी त्याची पैदास केली खरी. पण पिले सोडायची कुठे?

नरसी नामदेवच्या कयाधूकडे पाहताना वाटले, नदीच्याही रक्ताचा थेंब कुणीतरी वेळीच तपासावा!